दोन घरचे दोन काटे

बेकरीवाल्याची मुलगी दर शनिवारी सकाळी त्याच्याकडे यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. तो आणि तिची आई वेगळे झाले त्याला चार वर्षं झाली होती. भांडून भांडून दोघं इतके दमले होते, की प्रत्यक्ष वेगळं होताना एक शब्दही वाकडा गेला नाही. मुलीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. दोन्ही घरी ती मिठूच. अकरा वर्षांची, गोल चेहऱ्याची, गालांवर खळ्या. बेकरीच्या मागच्या खोलीत ओट्यावर बसून ती बनाचं पीठ मळायची, वाकडेतिकडे प्राणी करून भट्टीत टाकायला लावायची.

दोन वर्षांपूर्वी मिठूच्या आईने दुसरं लग्न केलं, एका पोहण्याच्या मास्तराशी. बेकरीवाल्याने ते समजुतीने घेतलं. निदान लोकांना तो तसं सांगायचा. मनातल्या मनात मात्र तो त्या माणसाला ‘पोहरा’ म्हणायचा. पोहऱ्याचे खांदे दारात मावत नसत आणि पोट औषधालाही नव्हतं. बेकरीवाल्याचं पोट अॅप्रनच्या नाड्यांना दाद देत नव्हतं.

मिठू मास्तरांना काका म्हणायची. ‘काका, तुम्ही याल का,’ ‘काका, तुम्ही द्याल का.’ तोवर बेकरीवाल्याचं काही म्हणणं नव्हतं. पण एका शनिवारी ती ओट्यावर बसून फोनवर ओरडली, “अरे काका, माझा चष्मा तू कुठे ठेवलास? पोहायचा रे!”

बेकरीवाला भट्टीसमोर उभा होता. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं? आणि तेही इतक्या सहज, जसं ती आपल्याला म्हणते तसं? त्या दिवशी बनांचे दोन ट्रे करपले. काउंटरवरच्या मावशींनी विचारलं, “काय हो, झोप झाली नाही का?” तो म्हणाला, “भट्टी जास्त तापलीय.” आणि भट्टीवरच डाफरला.

त्यानंतर महिन्याभरात शाळेत तपासणी झाली. मिठूने दप्तरातून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. त्यावर उंची, वजन आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : बीएमआय पर्सेंटाइल – ९०.

“नव्वद!” मावशी म्हणाल्या. “अगं, हुशार की तू! कोणत्या विषयात?”

मिठू कागद तिथेच ठेवून आत निघून गेली. बेकरीवाल्यालाही ते नीट कळलं नव्हतं, पण नव्वद म्हणजे वाईट कसं असेल, असं त्याला वाटलं. तासाभरात मिठूच्या आईचा फोन आला.

“वाचलंस का? मागची बाजूही वाच. पंच्याऐंशीच्या वर असेल तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, असं लिहिलंय. तिच्या वयाच्या शंभर मुली घेतल्या, तर नव्वद जणींचा आकडा तिच्यापेक्षा कमी. मी वेळ घेतलीय, पण दहा आठवड्यांनंतरची मिळाली. तूही ये.”

“म्हणजे ती जाड आहे?”

“हळू बोल, शेजारी असेल ती. मी असं काही म्हटलं नाही. डॉक्टर सांगतील काय ते. तोवर नेहमीसारखंच राहू दे सगळं. फक्त...” ती अडखळली. “हे म्हणत होते, शनिवार-रविवारकडे जरा लक्ष दिलं तर बरं.”

हे म्हणत होते! बेकरीवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आठवड्याचे पाच दिवस मुलगी त्यांच्या घरी जेवते, आणि दोष मात्र दोन दिवसांचा! पण फोन ठेवल्यावर त्याची नजर समोरच्या कपाटाकडे गेली. बन, बिस्किटं, क्रीमचे केक. आपलं पोट. बनाच्या कडेने लोणी पुसून खाणारी आपली मुलगी. पोहऱ्याचं बोलणं खरं असेल, ही शंकाच त्याला सर्वांत जास्त जाळत होती.

मग त्याच्या डोक्यात दुसरा किडा वळवळला. दहा आठवड्यांत पोहऱ्याने मिठूला तलावात दमवून दमवून तो आकडा खाली आणला, तर? डॉक्टर म्हणणार, ‘वा, कुणी केलं हे?’ मिठूची आई नवऱ्याकडे बघणार. आणि आपण खुर्चीत बसून आपल्याच पोराच्या बाबतीत पाहुण्यासारख्या माना डोलावणार. छे!

बेकरीच्या कोठारात मैद्याची पोती मोजायचा मोठा काटा होता. नवा होता, पन्नास ग्रॅमचा फरकही दाखवायचा. पुढच्या शनिवारी त्याने तो फडक्याने लख्ख पुसला आणि मिठूला हाक मारली.

“ये गं, उभी राहा यावर. गंमत आहे.”

“मी काय पोतं आहे?” मिठू हसत चढली. काट्याने त्रेचाळीस दाखवले.

“आपण दर शनिवारी बघायचं. रविवारी जाताना पुन्हा. हा आपल्या दोघांचा बेत. आईला एवढ्यात सांगायचं नाही हं, डॉक्टरांकडे एकदम चकित करू.”

मिठूने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. “बरं,” एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून बेकरीतली शनिवारची रीत बदलली. बन बंद, लोणी बंद. बेकरीवाला सकाळी काकड्या चिरून ठेवू लागला. मावशी म्हणाल्या, “बापाच्या बेकरीत बसून पोरीने काकडी खायची? हे म्हणजे अतीच झालं.” त्याने त्यांना गिऱ्हाईक बघायला सांगितलं. वहीच्या शेवटच्या पानावर तो शनिवारचं आणि रविवारचं वजन लिहायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली आणि त्याचा तिळपापड झाला. शनिवार ते रविवार, म्हणजे त्याच्याकडे, मिठूचं वजन पन्नास ग्रॅम उतरायचं; पण रविवार ते शनिवार, म्हणजे तिकडे, चांगलं दीडशे उतरत होतं!

दिवस पाच विरुद्ध दोन आहेत, हे साधं गणित कुणीही त्याला सांगितलं असतं. पण तो विचारणार कुणाला? त्याला एवढंच दिसलं, की पोहरा पुढे चाललाय. त्याने रविवारचं जेवण अर्ध्यावर आणलं.

मिठू तक्रार करत नव्हती. उलट ती फार शहाण्यासारखी वागत होती. काट्यावर चढण्याआधी बूट काढायची, केसांची पिन काढायची, खिशातला रुमाल काढून ओट्यावर ठेवायची. “बाबा, आधी मी बाथरूमला जाऊन येते,” म्हणायची. त्याला वाटायचं, पोरगी मनावर घेतेय. काट्याचा आकडा बघताना ती श्वास रोखून धरायची, हेही त्याने पाहिलं होतं. पण तो स्वतःही रोखूनच धरत होता.

सातव्या शनिवारी भट्टी जोरात होती. मिठू ट्रे द्यायला म्हणून उभी राहिली आणि एकदम तिने कपाटाची कड धरली. तिचे ओठ पांढरेफटक पडले. बेकरीवाल्याने धावत जाऊन तिला धरलं, पोत्यांवर निजवलं, तोंडावर पाणी मारलं.

“काय झालं गं? मिठू!”

“अंधारी आली डोळ्यांपुढे. काही नाही. सकाळपासून पाणी नव्हते प्यायले.”

“का?”

“वजन करायचं होतं ना,” ती म्हणाली.

मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला मान वर करवेना. त्यांनी मिठूला दूध पाजलं, एक बन लोणी लावून हातात दिला आणि म्हणाल्या, “आत्ताच्या आत्ता तिच्या आईला फोन करा.”

“करतो,” तो म्हणाला.

केला नाही. फोन हातात घेतला, नाव काढलं, आणि त्याला पुढचं सगळं दिसलं. आई घाबरणार. पोहरा तडक गाडी काढून येणार, मिठूला त्या रुंद खांद्यावर उचलून नेणार, आणि शनिवार कायमचे जाणार. त्याने फोन खिशात टाकला. त्या दिवशी वजन झालं नाही. पण रविवारी, निघण्याआधी, मिठू आपणहून बूट काढायला लागली आणि त्याने तिला अडवलं नाही.

दहा आठवडे संपले. मुलांच्या डॉक्टर मध्यमवयाच्या होत्या, चष्मा डोक्यावर सरकवून ठेवायची सवय. आतल्या खोलीत नर्सने मिठूची उंची घेतली, वजन घेतलं. आई, मास्तर आणि बेकरीवाला तिघंही ओळीने खुर्च्यांवर बसले होते.

“एक्केचाळीस किलो,” नर्स म्हणाली. “पर्सेंटाइल ब्याऐंशी.”

“नव्वदवरून ब्याऐंशी!” मास्तरांनी मांडीवर थाप मारली. “संध्याकाळचा सराव वीस मिनिटांनी वाढवला होता मी.”

“शनिवार-रविवार आमच्याकडे बिस्किटाचा तुकडासुद्धा नव्हता,” बेकरीवाला लगेच म्हणाला. “काकडीच काकडी.”

“पाण्यातल्या व्यायामाने फरक पडतोच.”

“पडतो की. पण तोंडावर ताबा नसेल तर काय उपयोग?”

डॉक्टर या दोघांकडे पाहत नव्हत्या. त्या मिठूकडे पाहत होत्या. मिठू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

“तुम्ही तिघं जरा बाहेर बसा,” डॉक्टर म्हणाल्या. “मला मिठूशी बोलायचंय.”

बाहेर बाकावर मिठूची आई मधे बसली, दोघं दोन टोकांना. वीस मिनिटं झाली. मास्तर गुडघा हलवत होते. बेकरीवाला नखांतलं पीठ काढत होता. दोघांनाही वाटत होतं, आत आपलं कौतुक चाललंय. पंचवीस मिनिटांनी दार उघडलं.

मिठू नर्सबरोबर खिडकीशी चित्रं चाळत बसली होती. डॉक्टरांनी टेबलावर एक मोठा तक्ता पसरला. त्यावर डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या वाकड्या रेषा होत्या आणि पेन्सिलीचे काही ठिपके.

“मोठ्या माणसांचं सोपं असतं,” त्या म्हणाल्या. “वजन आणि उंचीचं गणित केलं की एक आकडा येतो, तोच बीएमआय, आणि तो सगळ्यांना एकाच मापाने बघतात. मुलांचं तसं नाही. ती वाढत असतात. म्हणून त्यांचा आकडा त्यांच्याच वयाच्या मुलींशी ताडून बघायचा. शाळेत मिठूचा जो बीएमआय आला, तोच सोळाव्या वर्षी आला असता, तर कुणी चिठ्ठीही पाठवली नसती. कळतंय?”

तिघांनी माना हलवल्या.

“हे ठिपके तिच्या जुन्या कार्डावरचे. पाच वर्षांची असताना चौऱ्याऐंशी. सातला शहाऐंशी. नऊला पंच्याऐंशी. मुलगी आपल्या रेषेवरून शांतपणे चाललीय. मग शाळेत नव्वद. मुली या वयात आधी थोड्या भरतात, मग उंच होतात. लक्ष ठेवायला हवं, पण आकाश कोसळलेलं नाही. नव्वद हा गुन्हा नाही, ती फक्त खूण आहे, की जरा जवळून बघा. मी काय सांगितलं असतं? वजन आहे तिथेच राहू दे, उंची वाढली की आकडा आपोआप उतरेल. वाढत्या मुलीचं वजन दहा आठवड्यांत दोन किलो उतरलं, तर मी पेढे नाही वाटत. मला काळजी वाटते.”

मास्तरांचा गुडघा थांबला.

“घरात काटा नसलेले आईबाप मी पाहिलेत, एक काटा असलेलेही पाहिलेत,” डॉक्टर पुढे म्हणाल्या. “दोन घरी दोन काटे, आणि दोन्ही आईपासून लपवलेले, हे पहिल्यांदाच बघतेय. शनिवार-रविवारी बाबांचा. सोमवारी आणि गुरुवारी काकांचा, तलावावरचा. दोघांनीही तिला सांगितलं, कुणाला सांगू नकोस. ती आठवड्यातून चार दिवस पाणी पीत नाही. चार दिवस!”

बेकरीवाल्याने वळून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर त्याच्याकडेच पाहत होते. तो रुंद माणूस खुर्चीत एकदम लहान दिसायला लागला होता.

“आणखी एक,” डॉक्टर म्हणाल्या. “एकदा तिला अंधारी आली होती. कुठे, ते ती सांगत नाही. खूप विचारलं. ओठ घट्ट मिटून बसली.”

मिठूची आई ताडकन नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चिरकला. “पाण्यात? तलावात असताना तिला चक्कर आली, आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“नाही... मला तर... माझ्यासमोर नाही...” मास्तर चाचरले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. बिचारे आठवत होते, की कधी, कोणत्या दिवशी आपलं लक्ष नव्हतं.

बेकरीवाला गप्प होता. त्याला फक्त गप्पच बसायचं होतं. दोन वर्षं ज्या क्षणाची त्याने मनात चित्रं रंगवली होती, तो क्षण आपल्या पायांनी चालत आला होता : तिची आई पोहऱ्याकडे तशी बघत होती, जशी कधीकाळी त्याच्याकडे बघायची. मिठू सांगणार नव्हती. मावशी इथे नव्हत्या. हा गोडवा त्याच्या जिभेवर पुरता विरघळेपर्यंत तो गप्प बसला, तीन-चार श्वास. मग त्याची नजर खिडकीकडे गेली. मिठू चित्रांचं पान उलटत नव्हती. कान इकडे, डोळे एकाच पानावर. अकरा वर्षांची पोर आपल्या बापाला पाठीशी घालत होती.

“माझ्याकडे,” तो म्हणाला. “माझ्याकडे आली होती. बेकरीत. मी फोन केला नाही. घाबरलो.”

“कशाला घाबरलास?” मिठूच्या आईने विचारलं.

“शनिवार जातील म्हणून.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पर्स उचलली, मिठूचा हात धरला. डॉक्टरांनी दोन्ही घरचे काटे बंद करायला सांगितलं, वेळच्या वेळी पोटभर जेवण, झोप, खेळ, आणि तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणाल्या. “आणि मुलीसमोर कुणीही आकडा काढायचा नाही. कौतुकानेसुद्धा नाही.”

त्यानंतरचे दोन शनिवार मिठू आली नाही. बेकरीवाला काम करत राहिला, पण मावशींनी दिलेली ऑर्डर दोनदा विसरला. दुसऱ्या शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दारात पोहण्याचे मास्तर उभे राहिले. एकटेच.

“बसू का?”

“बसा,” बेकरीवाला म्हणाला. मनात आलं, आला मिरवायला.

मास्तर स्टुलावर बसले. टोप्यांसारखे फुगलेले बन त्यांनी एकदा बघून घेतले. “तुमचा माझ्यावर राग आहे, मला माहितेय,” ते म्हणाले. “माझाही तुमच्यावर होता.”

“माझ्यावर? कशाबद्दल?”

“रविवारी ती घरी येते ना, तेव्हा तिच्या केसांना तुमच्या भट्टीचा वास असतो. डोकं धुतलं तरी मंगळवारपर्यंत जात नाही. आणि सोमवारी दिवसभर एकच, बाबा असं म्हणाला, बाबाने तसं केलं. मी तिला पोहायला शिकवलं, सायकल शिकवली. पण घाबरली की ‘बाबा’च म्हणून ओरडते. मला वाटलं, एक तरी गोष्ट असावी, जी मी केली आणि तुम्हाला जमली नाही.”

हे ऐकून बेकरीवाल्याला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला आतून इतकं बरं वाटलं, की ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो उठून ट्रे पुसायला लागला. पुसता पुसता मात्र हळूहळू लाज वाटायला लागली. दोन बाप्ये एका पोरीला दोन बाजूंनी ओढत होते, आणि ती दोघांनाही खूश ठेवण्यासाठी तहानलेली राहत होती.

“चहा घेणार?” त्याने विचारलं.

“घेईन.”

“सोबत बन?”

“एक,” मास्तर म्हणाले, आणि दोन खाल्ले.

तिसऱ्या शनिवारी मिठू आली. कोठारातला काटा बेकरीवाल्याने रिकाम्या पोत्यांखाली झाकून टाकला होता. पण बन समोर ठेवल्यावर तिने विचारलं, “किती खाऊ?”

त्याने लोण्याची वाटी तिच्यापुढे सरकवली. “भूक आहे तेवढं.”

तिने अर्धा खाल्ला आणि अर्धा बाजूला सारला. पुढच्या शनिवारीही अर्धाच. भूक किती आहे, हे पोरीला पुन्हा आपलं आपल्याला कळायला बरेच आठवडे लागले. एका सकाळी ती न विचारता दुसऱ्या बनाला हात घालताना दिसली, तेव्हा मावशींनी काउंटरखालून त्याला कोपराने ढोसलं.

तीन महिन्यांनी सगळे पुन्हा डॉक्टरांकडे गेले. वजन कुणी मोठ्याने वाचलं नाही. डॉक्टरांनी तक्त्यावर नवा ठिपका काढला आणि तिघांना जवळ बोलावून दाखवला. ब्याऐंशीवरून आकडा वर चढला होता, पंच्याऐंशीच्या अंगाला, तिच्या जुन्या रेषेवर. उंची चांगली दोन बोटं वाढली होती. आकडा चढला आणि डॉक्टर हसल्या. सहा महिन्यांपूर्वी बेकरीवाल्याला यातलं काहीच समजलं नसतं.

“चाललंय छान,” त्या म्हणाल्या. “आता वर्षातून एकदा.”

बाहेर आल्यावर मिठूची आई गाडी आणायला गेली. बुधवार होता, म्हणजे मिठू तिकडेच जाणार होती. पायऱ्या उतरताना तिने सवयीने मास्तरांचा हात धरला आणि त्यांना शाळेतलं काहीतरी सांगत, हातवारे करत निघाली. बेकरीवाला दोन पायऱ्या मागे होता. मनात ती जुनी असूया आलीच, अगदी होती तशी. त्याने ओळखली, आणि येऊ दिली. मिठू गाडीत बसली, काच खाली करून म्हणाली, “बाबा, शनिवारी कासव करू या, मोठ्ठं!”

“करू की,” तो म्हणाला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. संध्याकाळच्या ब्रेडची कणीक फुगून वर आली असेल, हे त्याला आठवलं, आणि तो झपाझप बेकरीकडे चालू लागला.